मसाला आईंचा, पाकीट कुणाचं?

नवी मुंबईतल्या घणसोली गावातल्या एका ताईंचं पत्र आलंय. बरंच लांब होतं, थोडं कापून देते आहे. शब्द त्यांचेच.

‘आमच्या सासूबाई चाळीस वर्षं आगरी मसाला करताहेत. आधी घरापुरता आणि पाहुण्यांपुरता, मग सेक्टरमधल्या सोसायट्यांतून बायका मागायला लागल्या. आमचं घर पिंपळाच्या पाराला लागून आहे, त्यामुळे एप्रिल उजाडला की फोन सुरू होतात, “पिंपळाखालच्या आईंचा मसाला झाला का?” गेल्या वर्षी १२० किलो गेला, साध्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, मेणबत्तीवर तोंड चिकटवून. यंदा रीतसर ब्रँड करायचं ठरवलंय. भाच्यानं डिझाइन केलं आहे. काळा पाउच, त्यावर सोनेरी इंग्रजी अक्षरं, नथ घातलेली बाई जात्यावर दळते आहे असं चित्र, बाजूला केशर-वेलचीचे फोटो. छापणारा म्हणतो, ५,००० पाउचच्या खाली छपाई करणार नाही, एका पाउचला १४ रुपये. माझ्याकडे भिशीचे ६०,००० आहेत. डिझाइन बघून आई एवढंच म्हणाल्या, “ह्यो मसाला हाय का चायचा पुरा?” (चहाचा पुडा) आणि उठून गेल्या. भाचा म्हणतो, त्यांचा फोटो टाकला तर खपेल, पण त्या फोटोला तयार नाहीत. मला स्वतःला खाकी कागदाचा, खिडकीवाला पाउच आवडतो, हल्ली सगळीकडे दिसतो तसा. कुणी सांगतं काचेची बाटली घ्या. नावं सुचलीत ती अशी: आगरी तडका, आईचा मसाला, कोकण क्वीन. सुक्या जवळ्याची चटणीही ह्याच डिझाइनमध्ये काढावी का? मिरची बाजारात यायला लागली आहे, लवकर सांगा.’

प्रिय ताई,

आईंच्या त्या एका वाक्यात तुमच्या अर्ध्या पत्राचं उत्तर आहे. चाळीस वर्षं ज्या बाईनं हा मसाला केला, तिला पाकीट बघून आत मसाला आहे हे कळलं नाही. मग वाशीच्या दुकानात फळीवर उभं असलेलं पाकीट बघून तिऱ्हाईताला काय कळणार?

भाच्यावर मी रागावलेली नाही. पोरानं मन लावून काम केलेलं दिसतंय. पण त्याला एक विचारा, आजीला जात्यावर मसाला दळताना त्यानं कधी पाहिलंय का? जात्यावर पीठ दळतात. मसाला कुटतात, पूर्वी उखळात आणि आता डंकावर, म्हणजे कुटायच्या यंत्रावर. गच्चीत पसरलेली मिरची, देठं खुडताना चुरचुरणारी बोटं, डंकाच्या दारात नाकाला पदर लावून रांगेत बसलेल्या बायका, हे सगळं त्यानं घरातच पाहिलंय आणि चित्र मात्र दुसऱ्याच कुणाचं काढलंय. ती बाईसुद्धा तुमच्याकडची नाही. आगरी-कोळ्यांचं लुगडं गुडघ्याशी येतं, ह्या बाईची नऊवारी घोट्यापर्यंत आहे. नथ, चंद्रकोर आणि अंबाडा घेतलेली ही बाई मला पुरणपोळीच्या खोक्यावर भेटते, चिवड्याच्या पुड्यावर भेटते, मोदकांच्या डब्यावर भेटते. तिला सगळं करता येतं आणि तिचं गाव कुठलंच नाही.

केशर-वेलचीचे फोटो तर आजच काढून टाका. वेलची असेलही मसाल्यात, केशर नसणार. आणि नियम असा आहे की शब्दानं किंवा चित्रानं एखादा घटक पाकिटावर ठळक केला, तर तो किती टक्के आहे ते छापावं लागतं. चिमूटभर वेलचीसाठी ‘वेलची ०.५ टक्के’ असं लिहिण्यात शोभा नाही.

आता पाकिटावर काय हवं त्याकडे वळू. मी वागळे इस्टेटमध्ये लेबलं छापणाऱ्या एका कारखान्यात अकरा वर्षं काढली. त्यानंतर ठाण्यातल्या छोट्या-छोट्या उत्पादकांची पाकिटं बघत आले. तेव्हापासून एक सवय आहे. कुणी डिझाइन दाखवायला आलं की आधी त्यांच्या स्टॉलच्या मागे तासभर बसायचं आणि गिऱ्हाइकं काय विचारतात ते वहीत उतरवायचं. बेलापूरच्या अर्बन हाटात मसाल्याच्या स्टॉलवर मी हे केलंय. ‘तुमचा वारसा किती वर्षांचा’ असं कुणी विचारत नाही. विचारतात ते हे: तिखट किती आहे? रंग घातलाय का? मटणालाच चालतो की भाजीलाही? चार माणसांच्या कालवणाला किती चमचे? कधी कुटलाय? घरी कसा ठेवायचा? आणि एक प्रश्न दबक्या आवाजात येतो, ‘तुम्ही स्वतः करता की आणून भरता?’

तुमच्या फोनवरही हेच येत असणार. गेल्या वर्षीच्या गिऱ्हाइकांचे व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप उघडा आणि प्रश्न उतरवून काढा. पाच-सहा प्रश्न पुन्हापुन्हा सापडतील. त्यांची उत्तरं, तुम्ही फोनवर देता तशाच शब्दांत, पाकिटाच्या पाठीवर जाऊ द्या. ‘पाव किलो मटणाला दोन चमचे, कोलंबीला एक; वरून गरम मसाला लागत नाही.’ ह्या एका ओळीनं जेवढा मसाला खपेल तेवढा ‘शतकांची परंपरा, प्रत्येक घासात’नं खपणार नाही. (चमच्यांचा आकडा माझ्या अंदाजानं लिहिलाय, आईंना विचारून बदला.) रंगाच्या प्रश्नालाही उत्तर मिरचीच्या नावानं द्यायचं. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, तुम्ही ज्या घेता त्या नावानिशी. मात्र ज्या वर्षी ब्याडगी परवडली नाही आणि दुसरी घातली, त्या वर्षी लेबलवरचं नाव बदललं पाहिजे. ब्याडगीला भौगोलिक मानांकन आहे आणि ते नाव कुठल्याही सुरकुतलेल्या लाल मिरचीला लावायचं नसतं.

आता पाउच की बाटली. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण लोक सगळा पैसा पाकिटाच्या बाहेरच्या बाजूवर घालतात आणि बिघडतं ते आतून.

आपल्या शेजारच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई परिसरातल्या मूळच्या ख्रिस्ती, लोकांचा बाटली मसाला तुम्ही खाल्ला असेल. उन्हाळ्यात कुटायचा आणि बिअरच्या तपकिरी बाटल्यांत काठीनं ठासून भरायचा. बाटलीत भरतात म्हणून नावच बाटली मसाला पडलं. पाकिटानं मालाला नाव दिल्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. आणि ते पाकीट हौसेचं नव्हतं. तपकिरी काच उजेड अडवते, अरुंद तोंडातून हवा कमी शिरते, ठासून भरल्यानं आतली हवाही निघून जाते. मिरचीचा लाल रंग ज्या द्रव्यांचा असतो ती उजेडानं आणि हवेनं फिकी पडतात. तिखटपणा त्या मानानं टिकतो, त्यामुळे फिका पडलेला मसाला चवीला अगदीच वाईट नसतो, पण गिऱ्हाईक डोळ्यांनी आधी जेवतं.

म्हणून तुमचा तो आवडता खिडकीवाला पाउच नको. माझंच उदाहरण सांगते. काही वर्षांपूर्वी मी एका ओळखीच्या बाईंना मसाल्यासाठी असाच खाकी, मधोमध पारदर्शक पट्टी असलेला पाउच सुचवला. दिसायला फार गोड दिसत होता. नौपाड्यातल्या एका दुकानानं पंधरा पाकिटं दर्शनी काचेत मांडली, दुपारचं ऊन थेट त्यावर. महिन्याभरानं बाईंनी मला एक पाकीट फोडून दाखवलं. मसाला परातीत ओतायच्या आधी, पाउच आडवा कापून उघडला होता. सगळा मसाला गडद लाल आणि वर बरोबर खिडकीच्या रुंदीचा, सरळ कडांचा, विटकरी पट्टा. फुटपट्टीनं आखल्यासारखा. त्या काही बोलल्या नाहीत, पाउच माझ्यापुढे ठेवला आणि चहा टाकायला गेल्या. खाकी कागदाची दुसरी खोडही तेव्हाच कळली. आतलं अस्तर पातळ असेल तर तेलात भाजलेल्या मसाल्याचे डाग आठवड्याभरात बाहेर उमटतात.

काचेची बाटली चांगली, पण पारदर्शक काचेला खिडकीचाच दोष आहे आणि तपकिरी बाटली वजनदार पडते. कुरिअरनं पुण्याला पाठवली तर फुटायची धास्ती वेगळी. शिवाय तुमचं गिऱ्हाईक ऐरोली, कोपरखैरणे, ठाणे ह्या पट्ट्यातलं. त्यांच्या घरी मसाल्याची बरणी आधीच आहे, तिच्यात ओतायला पाउचच सोयीचा. पाठीवर एक ओळ टाका: ‘कोरड्या बरणीत काढा, हिंगाचा खडा टाका, उजेडापासून लांब ठेवा.’ हे आई घरी करतातच.

म्हणजे पाउच घ्यायचा, पण आत अॅल्युमिनियम फॉइलचा थर असलेला. विकत घेण्याआधी दोन चाचण्या घरी करा. एक, रिकामा पाउच चिकटवून पाण्याच्या बादलीत दाबून धरा. बुडबुडे आले की जोड कच्चा आहे. दोन, त्यात मसाला भरा, चिकटवा, पांढऱ्या कागदावर आडवा ठेवा, वर पाटा ठेवा आणि तीन दिवसांनी कागद बघा. मेणबत्ती आता बंद, हातानं दाबायचं सीलर आणा. आणि डंकावरून आलेला मसाला कोमट असताना कधीही भरू नका. रात्रभर परातींत पसरून पूर्ण निवू द्या, नाहीतर आतली वाफ पाउचच्या अंगावर पाणी होऊन बसते आणि पावसाळ्यात बुरशीची तक्रार येते. पिशवीत हवा जायला वाव होता म्हणून इतकी वर्षं हे लपून राहिलं असेल. पक्क्या पाउचमध्ये लपणार नाही.

५,००० पाउचचं गणित करून बघितलंत का? १२० किलोचे पाव-पाव किलोचे पाउच होतात ४८०. म्हणजे ५,००० पाउच गेल्या वर्षीच्या हिशेबानं दहा वर्षं पुरतील. त्या दहा वर्षांत किंमत बदलणार, फोन नंबर बदलू शकतो, आणि छापलेलं सगळं रद्दीत. छापणारा लबाड नाही. त्या पद्धतीच्या छपाईत प्रत्येक रंगासाठी कोरलेला रूळ लागतो, तो खर्च थोड्या नगांवर बसत नाही. म्हणून तुम्ही कोरे पाउच घ्या आणि त्यावर स्टिकर लावा. स्टिकर पाचशे छापून मिळतात, आणि चूक निघाली तर नुकसान पाचशेचंच. स्टिकरला वरून प्लॅस्टिकचं लॅमिनेशन हवंच, स्वयंपाकघरात तेलाच्या हातानं धरल्यावर शाई पसरते. बिलाच्या यंत्रावर निघतात तसली लेबलं मात्र नकोत, ती उन्हानं आणि उष्णतेनं काळवंडतात किंवा पुसली जातात.

आता कायद्याचं. हे कंटाळवाणं आहे, पण स्टिकरची अर्धी जागा हेच खाणार, म्हणून डिझाइनच्या आधी ठरवायचं, नंतर कोपऱ्यात कोंबायचं नाही.

विक्री सुरू करण्याआधी एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय संस्थेची नोंदणी. घरगुती उद्योगालाही ती लागते, फॉसकॉस ह्या संकेतस्थळावर होते, आणि मिळतो तो १४ अंकी क्रमांक बोधचिन्हासह पाकिटावर जातो. त्याशिवाय पदार्थाचं नाव, घटकांची यादी, हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, बॅच क्रमांक, तयार केल्याची आणि वापराच्या मुदतीची तारीख, तुमचं नाव आणि पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन. घरचा पत्ता छापायला बायकांना संकोच वाटतो, मला माहीत आहे, पण अर्धा पत्ता चालत नाही. एकक किंमतही द्यावी लागते. पाव किलो २२५ रुपयांना दिलात तर ‘प्रति ग्रॅम ०.९० रुपये’ असं. आणि तुमचा वजनकाटा वैधमापन विभागाकडून पडताळून, शिक्का मारून घ्या. घरातला भाजीचा काटा धंद्याला चालत नाही.

इथे एक खाच आहे, आपल्या लोकांना ठाऊक नसते. ही सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असावी लागते. मराठी तिच्या जोडीला हवी तेवढी लिहा, पण नुसत्या मराठीवर भागत नाही. मग मी काय करते, पाठीमागची कायदेशीर चौकट इंग्रजीत बारीक पण वाचता येईल अशी ठेवते, आणि दर्शनी बाजू आणि वापरायची कृती पूर्ण मराठीत. भाच्यानं नेमकं उलटं केलंय.

घटकांच्या यादीवरून आई बिचकतील, ‘आपला मसाला जगाला सांगायचा?’ म्हणून. त्यांना सांगा, यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं द्यायची असते, वजनं नाही. मिरची पहिली, धणे दुसरे, हे शेजारणीलाही माहीत आहे. कुठलं किती, कुठलं किती भाजायचं आणि दगडफूल कधी टाकायचं, हे आईंच्या हातातच राहतं.

मुदतीची तारीख किती ठेवायची हे कुणाला विचारून लिहू नका. ‘वर्षाचा मसाला’ घरात वर्षभर टिकतो हे खरं, पण घरात तो बरणीत असतो, दुकानात दिव्याखाली. ह्या वर्षी पहिल्या कांडपातले, म्हणजे पहिल्या खेपेला कुटलेल्या मसाल्याचे, बारा पाउच बाजूला ठेवा आणि दर महिन्याला एक फोडून रंग, वास, गुठळ्या बघा, वहीत लिहा. तोवर मुदत सहा महिन्यांचीच छापा, पुढच्या वर्षी वहीकडे बघून वाढवा. मसाला प्रयोगशाळेत द्याल तेव्हा ओलाव्याचं प्रमाणही तपासून मागा.

‘१००% शुद्ध’, ‘अस्सल’, ‘पारंपरिक’ ह्या शब्दांचा मोह आवरा. जाहिरात आणि दाव्यांबद्दलचे नियम २०१८ साली आले, त्यात अशा विशेषणांवर बंधनं आहेत. ब्रँडच्या नावातच असलं विशेषण असेल आणि त्यानं दिशाभूल होत असेल, तर ‘हे केवळ ब्रँडचं नाव आहे, पदार्थाचं खरं स्वरूप दाखवत नाही’ अशा अर्थाची ओळ किमान तीन मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत छापावी लागते. ‘अस्सल’ असं नाव घ्यायचं आणि खाली हे छापायचं, म्हणजे आपणच आपल्या तोंडावर मारून घेणं. ‘सर्दी-खोकल्यावर गुणकारी’ वगैरे तर अजिबात नको.

नावावर तुम्ही फार विचार करताय असं दिसतंय, आणि नाव तुमच्या पत्रात तिसऱ्याच ओळीत आहे. पिंपळाखालचा. लोकांनी ठेवलंय, फुकट ठेवलंय, आणि वर्षानुवर्षं फोनवर तेच वापरताहेत. ‘कोकण क्वीन’ ठेवलंत तर हे सगळं सोडून शून्यापासून सुरुवात. ‘आगरी मसाला’ हे पदार्थाचं नाव म्हणून खाली मोठ्या अक्षरांत येऊ दे, पण ब्रँड म्हणून ते एकट्याचं होत नाही. वस्तूचं नुसतं वर्णन करणाऱ्या शब्दांची नोंदणी ट्रेडमार्कच्या कायद्यात सहसा होत नाही, आणि मला विचाराल तर होऊही नये. तो मसाला दिवाळे, करावे, गोठिवली, सगळ्याच गावांतल्या बायकांचा आहे. ‘आईचा मसाला’ची तीच गत, प्रत्येकाला आई असते. ‘पिंपळाखालचा’ आधी कुणी घेतलंय का ते ट्रेडमार्कच्या संकेतस्थळावर शोधून बघा. मसाले ३०व्या वर्गात येतात. व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी ४,५०० रुपये आहे, एका वर्गाची. शोधताना ‘पिंपळ’, ‘पिपळ’ आणि इंग्रजी स्पेलिंगचे दोन-चार प्रकारही टाकून बघा.

अक्षरांबद्दल एक गोष्ट भाच्याला नक्की सांगा. डिझाइनचं सॉफ्टवेअर देवनागरीसाठी नीट लावलेलं नसेल तर पहिली वेलांटी उडी मारून पुढे जाते. ‘मिरची’चं ‘मरिची’ झालेलं लेबल माझ्या हातून छापून गेलंय, दोन हजार नग. मराठी वाचणारी सहा माणसं त्या कारखान्यात होती आणि सहाही जणांनी ते ‘मिरची’च वाचलं, कारण डोळा ओळखीचा शब्द पुरा वाचतच नाही. तेव्हापासून मी छापायच्या आधी मजकूर उलटा, शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे वाचते. तुमच्या नावात तर पहिलंच अक्षर ‘पिं’ आहे, वेलांटी आणि अनुस्वार दोन्ही. सांभाळा. आणि ‘मसाला’ लिहिताना ल मराठी वळणाचा घ्या, पाकळीयुक्त. राज्य शासनाच्या २००९च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच मराठीची वळणं ठरवून दिली आहेत, पण बरेच फाँट उघडले की हिंदी वळणाचा ल पुढे येतो. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा फाँट फुकट मिळतो, त्यात वळणं आपली आहेत. सोनेरी रंग टाळा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सोनेरी अक्षर चकाकतं आणि वाचता येत नाही. पांढऱ्यावर काळं किंवा गडद लाल, बस्स. चाचणी सोपी आहे: नमुना सोसायटीतल्या साठीच्या काकूंच्या हातात द्या, चष्मा न लावता, आणि मुदतीची तारीख शोधायला सांगा.

फोटोचं काय, तर आई नको म्हणाल्या, विषय संपला. त्यांना पुन्हा विचारूही नका. भाच्याला गोष्टच हवी असेल तर ती कांडपाच्या तारखेत आहे. बॅच क्रमांक द्यावाच लागतो, तर ‘कांडप ३, १४ एप्रिल’ असं लिहा, आईंच्या हातच्या अक्षरांचा शिक्का करून घेऊन. त्या अजून डब्यांवर खडूनं तारीख लिहीत असतील तर तीच अक्षरं कागदावर लिहून घ्या. ‘स्वतः करता की आणून भरता’ ह्या दबक्या प्रश्नाला एवढं उत्तर पुरतं. तिसऱ्या कांडपाचा मसाला पहिल्यापेक्षा जास्त तिखट निघाला तर तेही लिहा, लोकांना आवडतं. ‘मला दुसऱ्या कांडपाचाच हवा’ म्हणणारी गिऱ्हाइकं मी पाहिली आहेत.

जवळ्याची चटणी ह्या वर्षी नको. तिला हिरवा ठिपका चालणार नाही, तपकिरी चौकटीतला तपकिरी त्रिकोण लागतो. जवळा ही बारीक कोळंबीच, त्यामुळे कवचधारी जलचर असल्याची ॲलर्जीची सूचना छापावी लागते. भरायची जागा, चमचे, सीलर, सगळं वेगळं ठेवावं लागेल, नाहीतर शाकाहारी गिऱ्हाईक मसाला उघडून वास घेईल आणि परत करेल. ज्यांना हवी त्यांना ती घरून मिळतेय तशी मिळू दे, तिचा ब्रँड पुढच्या साली.

भिशीचे पैसे असे लावा: आधी नोंदणी, प्रयोगशाळा, काटा आणि सीलर, मग कोरे पाउच आणि पाचशे स्टिकर, मग ट्रेडमार्क. भाच्याला पैसे द्या, घरचा आहे म्हणून फुकट राबवू नका, आणि कामाला लावण्याआधी एक दिवस त्याला आईंबरोबर डंकावर बसवा. उरतील ते मिरचीत घाला. बारकोड आत्ता लागत नाही, एखाद्या मोठ्या दुकानानं मागितला तर बघू.

ता. क. पत्राच्या मी कापलेल्या भागात तुम्ही लिहिलंय की भाच्यानं नमुन्याचे ५० कोरे काळे पाउच आणून ठेवलेत, ते परत करू का? थांबा. आज रात्री दिवे घालवून मोबाइलची बॅटरी लावा आणि पाउचच्या आत घाला. बाहेर उजेडाचा ठिपकासुद्धा दिसला नाही तर पाउच उजेड पूर्ण अडवतो आहे, आणि त्या बाबतीत तो बिअरच्या बाटलीपेक्षाही बरा. पोरानं माल बरोबर आणलाय, वरचं चित्र तेवढं चुकलं. पांढरं, मोठं स्टिकर लावा, काळा रंग कडेला चार बोटं दिसेल. मग आईंना दाखवा. तेव्हाही त्या चायचा पुरा म्हणाल्या तर मला कळवा, आपण तपकिरी बाटलीचा भाव काढू.